शिध्याच्या यादीत हाडं कुठं आहेत?

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य-शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



'निर्वासित स्त्रिया आणि आरोग्य' या विषयावर बोल, असा फोन आला तेव्हा मी विचारलं, "हाडांबद्दल बोलले तर चालेल का?" पलीकडे क्षणभर शांतता. मग मैत्रीण म्हणाली, "हाडांबद्दल? अगं, अत्याचार, असुरक्षितता, कागदपत्रं असं काहीतरी..." तिचं काही चुकलं नव्हतं. निर्वासित बाई म्हटलं की आपल्याला आधी हिंसा आठवते, आणि ती आठवायलाच हवी. पण मी फिजिओथेरपिस्ट आहे. पंचवीसहून जास्त वर्षं माझ्यासमोर बायकांच्या कंबरा, गुडघे आणि मनगटं येतायत. हिंसा थांबते, वार्ताहर परत जातात, तंबूंच्या जागी घरं होतात, आणि तीस-चाळीस-पन्नास वर्षांनी एक हाड मोडतं. त्याची बातमी होत नाही. 'वय झालं' एवढंच म्हणून आपण मोकळे होतो. आज त्या हाडाबद्दल बोलायचं आहे.

१९९८ साली मी उल्हासनगरला एका छोट्या दवाखान्यात नोकरीला लागले. तिथं एक सिंधी अम्मा यायच्या. वय त्रेसष्ट. दुधाची पिशवी घ्यायला दारापर्यंत गेल्या, पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. सून सारखी म्हणायची, "एवढंसं तर पडल्या, आणि एवढं कसं मोडलं?" प्लास्टर निघाल्यावर मी रोज त्यांच्याकडून बोटांचे व्यायाम करून घ्यायचे. हात अडकलेला असला की माणूस बोलतं, तशा त्या बोलायच्या.

फाळणी झाली तेव्हा अम्मा बारा वर्षांच्या होत्या. कराचीहून बोटीनं मुंबईला आल्या, तिथून कल्याणला. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेल्या बराकी तिथं रिकाम्या होत्या. त्यात सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना ठेवलं गेलं. १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर असं नामकरण झालं, तरी आजही तिथले लोक पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असंच सांगतात. अम्मांच्या बराकीत गोणपाटाचे पडदे लावून एकेका कुटुंबाचा संसार होता. मुलींनी त्या पडद्यामागं बसून पापड लाटायचे. मी एकदा विचारलं, "अम्मा, तेव्हा दूध मिळायचं का?" त्या म्हणाल्या, "दूध था, बेटा. भाई के लिए था." तक्रार म्हणून नाही हं, साधी माहिती म्हणून.

त्या वेळी मला या वाक्याचा अर्थ कळला नाही. तो कळायला वीस वर्षं लागली. त्याआधी हाडाचं गणित समजून घेऊ.

हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत असतं, रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं बांधलं जातं. लहानपणी आणि वयात येताना बांधकाम जास्त आणि झीज कमी. मुलीच्या आयुष्यभराच्या हाडातलं साधारण नव्वद टक्के हाड अठरा-वीस वर्षांपर्यंत तयार झालेलं असतं. तिशीच्या आसपास भर घालणं संपतं. पुढं आहे त्यातूनच काढून खायचं. आपल्याकडच्या कणगीसारखं. सुगीत भरली तेवढीच भरली, मग आषाढात कितीही धावाधाव केली तरी कणगी भरत नाही. पाळी थांबली की हाडाला सांभाळणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं आणि झीज एकदम वाढते. काही बायकांत पाच-सात वर्षांत हाडाचा पाचवा हिस्सा जातो. कणगी भरलेली असेल तर तेवढं निभतं. अर्धीच असेल तर मनगट मोडतं, पाठीचे मणके चेपतात आणि बाई वाकते, किंवा खुब्याचं हाड मोडतं. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचातलं एक तरी माणूस वर्षभरात दगावतं. या विरळ हाडांच्या आजाराला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. मोडेपर्यंत तो दुखत नाही, म्हणून तो दिसत नाही.

त्याची एक बहीण आहे, तिची गल्लत होते. तिचं नाव ऑस्टिओमलेशिया, म्हणजे हाडं मऊ पडणं. ड जीवनसत्त्व कमी पडलं की अन्नातलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि हाडाचा सांगाडा उभा राहतो पण त्यात पुरेसं कॅल्शियम भरत नाही. नुसत्या सळया, सिमेंट नाही. ही बहीण मात्र दुखते. मांड्या, कंबर, बरगड्या दुखतात. स्नायूंतली ताकद जाते. जमिनीवरून उठताना बाईला हाताचा आधार घ्यावा लागतो, चालताना ती बदकासारखी डुलते. ड जीवनसत्त्व आपल्याला मुख्यतः मिळतं ते उघड्या कातडीवर पडलेल्या उन्हातून. सावळ्या कातडीला जास्त वेळ ऊन लागतं. कपड्याआडून आणि काचेआडून ते जवळजवळ मिळतच नाही.

आता सांगते, मला अम्मांचं वाक्य कुठं समजलं ते.

ऑगस्ट २०१७ मध्ये म्यानमारच्या सैन्यानं राखाइन प्रांतात जे हत्याकांड केलं, त्यानंतर काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या माणसं सीमा ओलांडून बांगलादेशात कॉक्स बाजार जिल्ह्यात आली. आधीची धरून आज तिथं दहा लाखांहून जास्त लोक आहेत, त्यांत निम्म्याहून थोड्या जास्त बायका आणि मुली. २०१८च्या उन्हाळ्यात मी एका मदत-पथकाबरोबर कुतुपालोंगच्या छावणीत तीन महिने काम केलं. बोडक्या केलेल्या टेकड्या, त्यांवर बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्या एकमेकींना चिकटून. मातीच्या उतारावर वाळूच्या पोत्यांच्या पायऱ्या. पाऊस सुरू झाला की त्या पायऱ्यांवर पडलेल्या बायका आमच्याकडं यायच्या.

पण मला धक्का बसला तो न पडलेल्या मुलींनी. त्या दिसायच्याच नाहीत. नऊ-दहा वर्षांच्या मुली वाटेवर उड्या मारताना दिसायच्या, आणि मग एकदम कुणीच नाही. पाळी आली की मुलीला झोपडीत घ्यायचं, ही तिथली रीत. गावी असताना तिला निदान अंगण होतं, परसू होतं, विहिरीवर आपल्याच घरच्या बायका होत्या. छावणीत दाराबाहेर पाऊल टाकलं की हजारो परके पुरुष. पळवून नेतील, विकतील ही भीती आयांच्या मनात होती, आणि तिला आधार होता. त्यामुळं पडदा घट्ट झाला. बारा वर्षांची मुलगी ताडपत्रीखाली, उकाड्यात, अर्ध्या अंधारात. ऊन नाही, धावणं नाही. हाड बांधण्याची नेमकी तीच वर्षं. तिथं एका झोपडीत तसा एक पडदा बघितला आणि मला कॅम्प नंबर तीनमधला गोणपाटाचा पडदा आठवला.

आणि अन्न? सुरुवातीच्या काळात शिधा म्हणजे तांदूळ, डाळ आणि तेल. शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात कॅल्शियम असतं जेमतेम दहा मिलिग्रॅम. दिवसाला चारशे ग्रॅमचा भात खाल्ला तर चाळीस. वर मूठभर डाळ धरली तरी शंभरी गाठताना दमछाक. आपल्याकडं राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२०च्या शिफारशीत प्रौढ बाईला रोज हजार मिलिग्रॅम सांगितलंय, अंगावर पाजणारीला बाराशे. मदतकार्यासाठी जी 'स्फिअर' नावाची आंतरराष्ट्रीय मानकांची पुस्तिका आहे, तिच्यातही माणशी ९८९ मिलिग्रॅमचा आकडा छापलेला आहे. म्हणजे माहिती नव्हती असं नाही. आकडा पुस्तिकेत होता, पोत्यात नव्हता.

पुढं कार्डावर दुकानातून जिन्नस निवडायची सोय झाली. अंडी, भाजी, सुकी मासळी घेता येऊ लागली. कॉक्स बाजार तर सुकटीचंच गाव आहे, आणि काट्यासकट खाल्लेली बारीक सुकी मासळी म्हणजे कॅल्शियमची खाण. पण २०२३ साली जागतिक अन्न कार्यक्रमाकडं निधी कमी पडला. माणशी महिना बारा डॉलरची मदत मार्चमध्ये दहावर आली, जूनमध्ये आठवर. जानेवारी २०२४ पासून ती पुन्हा वाढवली गेली. आठ डॉलर म्हणजे दिवसाला सत्तावीस सेंट. ज्या घरात एवढ्यात भागवायचं, तिथं तांदूळ आधी घेतला जातो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. आणि जी थोडी सुकट येते ती कुणाच्या ताटात पडते, हेही नको. दूध होतं, भावासाठी होतं.

आता माझी एक चूक सांगते. कुणावर टीका करण्याआधी ती सांगायलाच हवी.

तिथं एक बाई यायची, तिशीची. नवऱ्याला तिच्या डोळ्यांदेखत मारलेलं. चार मुलं. मांड्या दुखतात, रात्री झोप नाही, पाण्याच्या नळापर्यंत टेकडी चढवत नाही. मी तिचे सांधे तपासले, सूज नाही, काही नाही. दुभाषा मुलीनं तिची कहाणी सांगितली तेव्हा माझेच डोळे भरून आले. मी तिच्या कागदावर लिहिलं 'मानसिक आघात' आणि तिला समुपदेशनाला पाठवलं. तीन आठवडे ती तिकडं जात राहिली. मग आमच्या पथकातल्या एका वडीलधाऱ्या परिचारिकेनं तिला सहज म्हटलं, "खाली बस आणि हात न लावता ऊठ." तिला उठता आलं नाही. तपासणीत ड जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच. औषध सुरू झालं. मी परत आल्यावर दोन महिन्यांनी निरोप आला की ती स्वतः नळावर जाते. दुःख आहे तेवढंच आहे, पण टेकडी चढते.

मी तिची कहाणी ऐकली आणि तिच्या मांड्या ऐकायच्या राहिल्या. सहानुभूतीनंच माझी दिशाभूल केली. ही चूक माझ्या एकटीची नाही, हे मला नंतर वाचताना कळलं. २००४ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आपल्याकडच्या ३३ आश्रयार्थी बायकांची हकिकत छापली. सगळ्यांची अंगदुखीची तक्रार, सगळ्यांत ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता. ती ओळखायला सरासरी अडीच वर्षं लागली. तोवर त्यांच्या कागदांवर बहुतेक वेळा लिहिलेलं होतं, मनाचा त्रास शरीरावर दिसतोय. उपचारानंतर त्यांच्यातल्या दोन-तृतीयांश बायकांचं दुखणं काही महिन्यांत गेलं. औषध स्वस्तातलं. महाग पडली ती आपली समजूत.

आणि मनावर ढकलता आलं नाही, तर संस्कृतीवर ढकलायचं. इंग्लंडमध्ये १९७०च्या दशकात आशियाई मुलांत मुडदूस आणि त्यांच्या आयांत मऊ हाडं दिसत होती. युगांडातून १९७२ साली इदी अमीननं हाकलून दिलेले आशियाई लोकही तेव्हा तिथं नव्यानं पोचले होते. तिथल्या गोऱ्या लोकांसाठी सरकारनं १९४० पासून मार्गारीनमध्ये ड जीवनसत्त्व घालणं सक्तीचं केलं होतं. मग चपातीच्या पिठात घाला की, अशी मागणी झाली. सरकारी समितीनं १९८० साली ती मान्य केली नाही. १९८१ मध्ये 'स्टॉप रिकेट्स' मोहीम निघाली, तिच्यात आशियाई बायकांना आहार आणि सवयी बदलायचे धडे दिले गेले. गोऱ्यांसाठी मार्गारीन सुधारलं, आपल्या बायकांना मात्र स्वतःच सुधारायला सांगितलं. आपण आरोग्य-कार्यकर्त्या 'दूध पीत जा, उन्हात बसत जा' असं सांगून उठतो, तेव्हा तेच करत असतो. कुठलं दूध? कुणाच्या अंगणातलं ऊन?

एक नाजूक मुद्दा राहिला, आणि तो आपल्या चळवळीच्या जिव्हाळ्याचा आहे. छावणीतल्या बायकांत गर्भनिरोधाचं सर्वांत चालणारं साधन म्हणजे तीन महिन्यांनी घ्यायचं डेपो-प्रोव्हेरा इंजेक्शन. आपल्याकडच्या स्त्री-संघटना १९८६ साली नेट-एन या इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या, ते इथल्या जुन्या मैत्रिणींना आठवत असेल. २०१७ पासून डेपोचं इंजेक्शन आपल्या सरकारी कार्यक्रमात 'अंतरा' नावानं आलंय. हे इंजेक्शन घेत असताना हाडाची घनता कमी होते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ साली त्यावर ठळक इशारा छापायला लावला. थांबवल्यावर ही घट बरीचशी भरून येते, आणि जागतिक आरोग्य संघटना या कारणानं प्रौढ बायकांना ते नाकारू नका असं सांगते. मलाही ते नाकारायचं नाही. नवऱ्याला न कळता घेता येतं, दर वर्षीच्या बाळंतपणातून सुटका होते, हे तिच्यासाठी फार मोठं आहे. बाळाला पाजताना आईच्या हाडातून कॅल्शियम जातं आणि पाजणं थांबल्यावर बहुतेक परत येतं, पण परत यायला मध्ये उसंत आणि अन्न हवं. ती उसंत हे इंजेक्शनच देतं. माझं म्हणणं एवढंच की सुई टोचणाऱ्यानं तिला ही गोष्ट सांगितली पाहिजे. अठरा वर्षांची, अंधारात राहणारी, भातावर जगणारी मुलगी वर्षानुवर्षं इंजेक्शन घेते, तेव्हा तिच्या हाडांचा विचार कुणाच्या रजिस्टरात आहे? नुसती संमतीची सही घेतली म्हणजे माहिती दिली असं होत नाही.

मग आपण करायचं काय? कॉक्स बाजार लांब आहे. पण छावणी लांब नसते. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात आपण सगळ्यांनी मदतीच्या पिशव्या भरल्या. मी पण भरल्या. तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहा, बिस्किटं. कुतुपालोंगहून येऊन मला वर्षच झालं होतं, तरी माझ्या हातून त्या पिशवीत नाचणी पडली नाही, तीळ पडले नाहीत, सुकट पडली नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच तिळात हजाराहून जास्त. ही काही परदेशी औषधं नाहीत, आपल्या आज्यांच्या डब्यातले जिन्नस आहेत. यादी आधीच कुणीतरी केलेली होती, आणि आपण ती वाचून पिशव्या बांधल्या.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. मदतीच्या शिध्यात कॅल्शियमचा एक तरी जिन्नस हवाच. वयात आलेल्या मुलींना आणि गरोदर बायकांना ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम छावणीच्या दवाखान्यातून मिळालं पाहिजे, लोहाच्या गोळीसारखंच. छावणीचा नकाशा काढताना बायका-मुलींसाठी चारी बाजूंनी आडोसा असलेलं पण वरून उघडं अंगण हवं, जिथं डोक्यावरचं काढून बसता येईल, दोरीवरच्या उड्या मारता येतील. पडदा सोड असं तिला सांगण्याऐवजी पडद्याच्या आत ऊन आणणं आपल्या हातात आहे. आणि दुखतंय म्हणून येणाऱ्या प्रत्येक बाईला तीन प्रश्न विचारा. हात न टेकता जमिनीवरून उठता येतं का? उंची कमी झाल्यासारखी वाटते का? साध्या पडण्यानं कधी हाड मोडलंय का? याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही.

अम्मांचं मनगट त्या बराकीमुळंच मोडलं, असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. एका हाडावर असा शिक्का मारता येत नाही. पण बारा वर्षांच्या मुलीची कणगी कशानं भरते आणि कशानं रिकामी राहते, हे आज आपल्याला पुरतं माहीत आहे. अम्मांना 'निर्वासित' म्हटलेलं आवडत नसे. "आम्ही इथं घरं बांधली," असं त्या म्हणायच्या. खरंच बांधली. २०१७ साली कुतुपालोंगला पोचलेली बारा वर्षांची मुलगी आता विशीत आहे. तिची सुगी सरत आली. तिच्या धाकट्या बहिणीची अजून सरलेली नाही, आणि त्या झोपड्यांमध्ये रोज नवी मुलगी जन्माला येते आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुठंही, पूर असो, भूकंप असो, दंगल असो, मदतीची यादी तुमच्या हातात आली की लगेच पिशव्या बांधायला घेऊ नका. आधी विचारा, ही यादी कुणी केली? आणि खाली आपल्या हातानं एक ओळ लिहा.